शिळा करंट

नंदनवन, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

गोपाळा,

आशीर्वाद आहेतच, दर वेळी ते वेगळे लिहायचा मला कंटाळा येतो. पस्तीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलं, आता मायना न घालता लिहायची मोकळीक मी स्वतःला दिली आहे. तुझे कान गेल्यापासून आपल्यात फोन संपला, आणि मोबाईलवरचा मेसेज वाचायला तुला कधीच चष्मा सापडत नाही. म्हणून हे कागद.

चंपतराव कंडक्टरच्या हाती खोकं पाठवते आहे. उघडलंस की दचकू नको, आत साहिलची रिमोटची गाडी आहे. अपघाताच्या दिवशी त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होती ती. माझ्या पोराचं काही उरलं नाही आणि या गाडीला साधा ओरखडा नाही, याचा मला आधी फार राग यायचा. आता मीच ती चालवते. रोज दुपारी अंगणात. परवा शेजारच्या इंदूबाई म्हणाल्या, "जयवंताबाई, या वयात गाड्या काहून चालवून राहिल्या वं?" मी म्हटलं, तुमच्या सुनेपेक्षा ऐकते ती माझं.

साहिलचा मित्र रजत मला शिकवतो. त्याच्या ग्रुपची मुलं २३ मार्चला, साहिलच्या वाढदिवसाला, मागच्या ले-आऊटच्या मोकळ्या प्लॉटवर गाड्या पळवणार आहेत. साहिलची गाडी मी चालवणार, असं ठरलं आहे. पण ती एकदम वेग दिला की अडखळते. क्षणभर मेल्यासारखी होते आणि पुन्हा सुरू. रजत म्हणतो, स्पीड कंट्रोलरला कपॅसिटर लावा, काटोलच्या मामांना जमेल.

लोक मला अजून विचारतात, की साहिल त्या रविवारी काटोलच्या रस्त्याला कसा? मी काय सांगू? तेराव्याला मी तुला विचारलं होतं, पण तुला ऐकू गेलं नसावं. तुला काही माहीत असेल तर लिही. मला बाकी कशाचं काही नाही, एवढंच हवं आहे.

ताई


काटोल
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

वाकून नमस्कार केला असं समज, कंबर धरली आहे. सध्या संत्रावाल्यांचे फवारणी पंप दुरुस्तीला येऊन पडलेत, त्यामुळे आठ दिवस लागले.

तुझ्या गाडीला रोग साधा आहे. विहिरीवरची मोटार सुरू झाली की घरातला बल्ब कसा डोळे मिटतो, तसंच. मोटार एकदम करंट ओढते, बॅटरीचा दाब पडतो आणि रिसीव्हर, म्हणजे रिमोटचं ऐकणारी ती छोटी डबी, क्षणभर बंद पडते. तुम्ही कपॅसिटर म्हणता, आम्ही जन्मभर कंडेन्सरच म्हटलं. गच्चीवरच्या टाकीसारखं त्याचं काम. नळ गेला तरी घटकाभर टाकीतलं पाणी येतं. माझ्याकडे दोन नवे होतेच, हजार मायक्रोफॅरडचे. कंट्रोलरच्या अगदी जवळ, बॅटरीच्या दोन वायरींवर सोल्डर केलेत. पांढऱ्या पट्ट्याचा पाय काळ्या वायरला. रजतला सांग, हे उलटं केलं तर फटाका होतो.

ही गाडी बोलते तेही बघून ठेव. बॅटरी जोडली की मोटारच वाजते: दोन छोटे, एक मोठा. दोन छोटे म्हणजे बॅटरीचे सेल दोन, मोठा म्हणजे मी तयार. मला ऐकू येत नाही, पण चेसिसवर बोट ठेवलं की समजतं.

बॅटरीखाली कागदाची घडी कोंबलेली होती. फेकून दिली आणि फोमचा तुकडा बसवला.

साहिलचं म्हणशील तर मला काय माहीत असणार? तरण्या पोराला गाडी पळवायला रस्ता लागतो. तो कुठलाही असो.

गोपाळ


नंदनवन
२० फेब्रुवारी २०२५

गोपाळा,

गाडी काय पळते! अडखळणं गेलं. काल तिनं तुळशीच्या कुंडीला असा धक्का दिला की कुंडीच दमली. रजत म्हणाला, "काकू, मामाच्या हाताले तोड नाही." तुला सांगायचं म्हणून सांगितलं, फुगू नको.

आता दुसरं. परवा दुपारी मी बॅटरी काढून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावली. रजतनं शिकवल्याप्रमाणे मातीच्या गाडग्यात ठेवून. गाडी समोरच्या खोलीत फरशीवर होती. मी पलंगावर संत्री सोलत बसले होते. आणि गाडी वाजली. दोन छोटे, एक मोठा.

मला वाटलं, रस्त्यावरचा कुणाचा मोबाईल असेल. काल पुन्हा वाजली आणि पुढची चाकं वळली. मग ती वीतभर पुढे सरकली, हळू, दबकत. बॅटरी गाडग्यात होती, रिमोट कपाटात. घड्याळात पावणेचार झाले होते. आदल्या दिवशीही तेवढेच.

मी भित्री नाही, तुला माहीत आहे. पण हातातली फोड तशीच राहिली.

आणि तो बॅटरीखालचा कागद कसला होता रे?

ताई


काटोल
२७ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू विनाकारण घाबरलीस. टाकी भरलेली असली की नळ बंद करूनही थेंब येतो. कंडेन्सरमध्ये करंट राहतो, शिळा करंट म्हणतो मी त्याला. बॅटरी काढली तरी तो मोटारीला एखादा झटका देऊ शकतो. सोबत स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब पाठवतो, त्याला दोन वायरी लावून दिल्यात. बॅटरी काढल्यावर त्या गाडीच्या प्लगला टेकव. बल्ब पेटेल आणि विझेल. विझला की सगळं संपलं.

खरं सांगायचं तर पूर्ण संपत नाही. कंडेन्सर रिकामा करून बाजूला ठेवला तरी थोड्या वेळानं त्यात आपोआप थोडा दाब परत येतो. मी हे चाळीस वर्षं पाहतो आहे. पण तो इतका थोडा की मीटरचा काटा जेमतेम हलतो. त्यानं गाडी वाजत नाही आणि चालत तर मुळीच नाही. तुझी फरशी उताराची असेल.

कागद कसलं तरी बिल होतं. आता कशाला विचारतेस?

गोपाळ


नंदनवन
८ मार्च २०२५

गोपाळा,

फरशी उताराची नाही. रजतनं पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, हलली नाही.

बल्ब लावला. पेटला, पिवळा झाला, विझला. रोज लावते. आणि रोज पावणेचारला ती वाजते. सोमवारी टेबलाच्या पायापर्यंत गेली. मंगळवारी त्याला वळसा घालून पुढे. बुधवारी थेट दारापर्यंत जाऊन उंबऱ्याला नाक लावून उभी. मी उचलून जागेवर ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्याशी. बाहेर जायचं आहे तिला.

गुरुवारी मुद्दाम रजतला बोलावलं. रिमोट त्याच्या हातात दिला, बॅटरी त्याच्या खिशात. गाडी वाजली तसा तो उठून उभा राहिला. ती त्याच्या पायाजवळून गेली आणि उंबऱ्याला जाऊन टेकली. पोराच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, मी नाही येत आता अंदर. रिमोट बंद होता, मीच बंद केला होता." तेव्हापासून फाटकातूनच विचारपूस करतो.

काल मी एकटी होते. ती निघाली तशी माझ्या तोंडून गेलं, "झोप रे आता." आणि गोपाळा, ती खोलीच्या मधोमध थांबली. मी किती तरी वेळ तिथे बसून रडले. भीतीनं नाही. का ते आज नाही लिहवत.

गाडी तुझ्याकडे पाठवते. बॅटरी पाठवत नाही, मुद्दामच. तुझ्या टेबलावर ठेव आणि पावणेचारला दुकानात बस. तुला तरी कळतं का बघ, तिला कुठे जायचं आहे ते.

ताई


काटोल
१६ मार्च २०२५

ताई,

तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा फाडलं. हे फाडणार नाही.

गाडी आल्याबरोबर मीटर लावला. काटा शून्यावर. कंडेन्सरचे दोन्ही पाय चिमट्यानं जोडून ठेवले, म्हणजे शिळाही उरायला नको. बॅटरी तुझ्याकडे नागपूरला. पावणेचारला मी टेबलावर तळहात ठेवून बसलो. तुला ठाऊक आहे, सहा वर्षं झाली, मला फटाकासुद्धा ऐकू येत नाही. पण हाताला आलं. दोन छोटे, एक मोठा. चाकं वळली. ती टेबलाच्या टोकाला आली, मी पुढे सरकलो नसतो तर पडली असती. माझ्या छातीला टेकून थांबली. बनियनमधून मला तिची थरथर लागत होती.

तिला इथेच यायचं होतं ताई. कारण त्याला मीच बोलावलं होतं.

तो कागद बिल नव्हतं. माझं पोस्टकार्ड होतं. साहिल तीन महिने फिरकला नव्हता. आधी वायर तुटली तरी मामाकडे यायचा. सोल्डरिंग मी त्याला दहाव्या वर्षी शिकवलं, तू ओरडायचीस. पुढे मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली आणि सगळं ऑनलाइन तयार मिळायला लागलं, मग मामाची गरज संपली. दिवाळीत मी तुमच्याकडे आलो तेव्हा सहज म्हणाला होता की गाडी अडखळते, कंडेन्सर लावू या. मी दुसऱ्याच दिवशी नागपूरहून दोन आणून ठेवले. तो आलाच नाही. मला राग आला. मी लिहिलं, "या रविवारी चारच्या आत ये. नाही आलास तर पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नको."

असं लिहिलं मी भाच्याला. आणि तो चारच्या आत पोचायला म्हणून मोटरसायकल पळवत सुटला. पावणेचारला, काटोल सात किलोमीटर राहिलं असताना, सगळं संपलं. मी त्या दिवशी चार वाजता शटर अर्धं ओढून मनात म्हणालो होतो, नाही ना आला, बरं झालं, आता येऊच नको.

तुझी गाडी पहिल्यांदा आली, बॅटरी काढली आणि खाली माझंच अक्षर निघालं. त्यानं ते जपून घडी घालून सोबत आणलं होतं. फेकलं नाही मी. गणपतीच्या फोटोमागे ठेवलं आहे. तुझ्या गाडीला लावले ते कंडेन्सरही तेच, त्याच्यासाठी आणलेले.

अजून एक. तेराव्याला पंगत उठल्यावर तू मला विचारलंस, "तो तुझ्याकडे यायला निघाला होता का?" तुला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. ऐकू नव्हतंच गेलं. पण मी सहा वर्षं लोकांचे ओठ वाचतो. तुझा एक एक शब्द मला कळला होता. मी मान वळवून ताक मागितलं.

काल कंडेन्सर कापून काढले. गाडी पहिल्यासारखी करून पाठवतो आहे, अडखळेल, पण तुला छळणार नाही. वाढदिवसाला ती चालव. मी येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ?

गोपाळ


नंदनवन
२४ मार्च २०२५

गोपाळा,

हे पत्र बसून वाच, आणि चष्मा लावून.

ते कार्ड साहिलनं घडी घालून ठेवलं नव्हतं. मी ठेवलं. तुझ्याकडे खोकं पाठवताना बॅटरीखाली मीच सरकवलं, तुझ्या हाताला लागावं म्हणून. म्हटलं, बघू, काय म्हणतो. तू म्हणालास, बिल होतं. तेव्हा मी तुझ्यावर इतकी चिडले की दोन दिवस पत्राला हात लावला नाही. पण तुझ्यावर चिडणं सोपं होतं रे.

आता माझं ऐक. ते कार्ड त्यानं वाचलंच नाही. शनिवारी पोस्टमननं दिलं तेव्हा तो ड्यूटीवर जायच्या घाईत होता, मी ते टीव्हीवर ठेवलं. रात्रपाळी करून तो रविवारी सकाळी आला, अंघोळ, नाश्ता करून साडेनऊला आडवा झाला. पाळीला दोन माणसं कमी होती म्हणून त्यानं लागोपाठ तिसरी रात्र काढली होती. दुपारी मी कार्ड वाचलं. तुझा स्वभाव मला पाळण्यापासून माहीत आहे, एकदा रुसलास की वर्ष काढतोस. मी त्याला हलवलं. तो म्हणाला, "आई, झोपू दे नं वं. पुढच्या रविवारी जातो मामाकडे." मी पांघरूण ओढलं. म्हटलं, मामा वाट पाहून राहिला, ऊठ, चारच्या आत पोच. तुझी ती पायरीची ओळ मी त्याला सांगितली नाही. कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं आणि चहा टाकला. डोळे चोळत गाडी पिशवीत भरली त्यानं. चहा अर्धाच प्यायला.

पोलीस मला काय म्हणाले ते मी कुणालाच सांगितलं नाही. उभ्या ट्रकच्या मागे रस्त्यावर ब्रेकची खूणच नव्हती. वेगात असलेला माणूसही समोर ट्रक दिसला की ब्रेक मारतो. तो घाईनं गेला नाही गोपाळा, झोपेनं गेला. तुझा राग त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याच्यासाठी मामा फक्त वाट पाहत होता. झोपेतून त्याला मी उठवलं.

म्हणून त्या दिवशी गाडीला "झोप रे" म्हटल्यावर ती थांबली तेव्हा मी मोडले. हे दोन शब्द मला त्या रविवारी म्हणायचे होते.

तेराव्याला तू मान वळवलीस, तेव्हा मला कळलं होतं की तुला कळलं आहे. आणि मला हायसं वाटलं. तू कबूल झाला असतास तर मलाही बोलावं लागलं असतं. आपण दोघांनी मिळून चार महिने एकच खोटं सांभाळलं, आणि दोघांनाही वाटत होतं की ते आपलं एकट्याचं आहे.

काल गाडी चालवली. रजतनं बॅटरी लावली, सगळी पोरं भोवती उभी होती. प्रत्येक वळणावर अडखळली, पोरं ओरडत होती, "काकू, दाबा, दाबा!" शेवटी आले मी, पण पूर्ण तीन फेऱ्या काढल्या. पावणेचारला मी रिमोट खाली ठेवून वाट पाहिली. काही झालं नाही. आज घरीही नाही. उंबरा मोकळा आहे. इतकं शांत वाटतं की मधेच उठून बघून येते.

तू ये. तोंड आहे तेच घेऊन ये, मला दुसरं नको. आणि एक सांग, ते कंडेन्सर तू ठेवलेस कुठे?

ताई


काटोल
३१ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र वाचून दुकान दोन दिवस उघडलं नाही. परवा ओटीवर बसून एकटाच रडलो. आवाज किती झाला मला कळलं नाही, पण समोरचा पानवाला पाणी घेऊन आला. तुझ्यावर रागवावं म्हटलं तर तसं होत नाही. माझ्या रुसव्याला भिऊन तू त्याला उठवलंस, म्हणजे फिरून ते माझ्याच दारात येतं. ते वाटून घेऊ, आता वय झालं, एकट्यानं उचलत नाही. पाडव्याला यायचं होतं, जमलं नाही. येत्या रविवारी येतो.

कंडेन्सर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत, स्क्रूच्या डब्यात. प्रत्येकाचे दोन्ही पाय एकमेकांना पिळून सोल्डर केलेत. असं केल्यावर त्यात काहीच उरत नाही, शिळंसुद्धा नाही. हे मी तुला मेकॅनिक म्हणून सांगतो.

तरी मी रोज पावणेचारला ड्रॉवरवर हात ठेवून बसायचो. हाताला काही येत नव्हतं. पंधरा दिवस झाले, काही नाही. आज हात ठेवला नव्हता. पंपाची पिन घासत होतो. आणि वाजलं. दोन छोटे, एक मोठा.

हाताला नाही ताई. कानाला. सहा वर्षांनी मी आवाज ऐकला. कंडेन्सरला आवाज नसतो, वाजते ती मोटार, आणि मोटार तुझ्याकडे नंदनवनात आहे. हे मला कळतं. पंपवाला माणूस समोर बसून काहीतरी सांगत होता. त्याचे ओठ हलत होते, पण त्याचा आवाज नव्हता. रस्त्यावरून बस गेली, तिचाही नव्हता. एवढंच ऐकू येत होतं, स्वच्छ.

मी ड्रॉवरकडे वाकून म्हणालो, "सावकाश ये गा बापू. चार वाजले तरी चालते. दुकान उघडंच हाय." पंपवाला उठून निघून गेला, पंप इथेच टाकून.

मी शटर पूर्ण वर केलं आणि बसून राहिलो. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा वाजलं. या वेळी आवाज ड्रॉवरमधून नाही आला, पायरीवरून आला.

गोपाळ